सिस्टर, जरा बसा!

फेब्रुवारी २०२०. चीनच्या हुनान प्रांतात चांगशा नावाचं शहर आहे. तिथल्या शियांग्या द्वितीय रुग्णालयात कोरोनाचे रुग्ण येऊ लागले, तेव्हा मानसोपचार विभागाने कर्मचाऱ्यांसाठी घाईघाईने एक योजना आखली. ताण कसा हाताळावा याचे ऑनलाइन धडे, चोवीस तास फोनवर सल्ला, गटाने करायचे उपक्रम असं सगळं त्यात होतं. कागदावर योजना उत्तम होती, पण तिच्याकडे फारसं कुणी फिरकलंच नाही. नर्स चिडचिड करत होत्या, दमून गेल्या तरी विश्रांतीला तयार नव्हत्या, ताण चेहऱ्यावर दिसत असतानाही आपल्याला काही झालेलं नाही म्हणून सांगत होत्या. शेवटी १३ कर्मचाऱ्यांना गाठून त्यांच्याशी प्रत्येकी अर्धा तास बोलणं झालं. त्यातून निघालेलं उत्तर अगदी रोखठोक होतं. मानसोपचारतज्ज्ञ नको होते. मध्येच कुणी उठवणार नाही अशी विश्रांती हवी होती आणि संरक्षक साहित्य पुरेसं हवं होतं.

रुग्णालयाने मग योजना बदलली. घरी संसर्ग नेण्याची भीती वाटणाऱ्यांसाठी राहण्या-झोपण्याची जागा दिली. जेवणाची हमी दिली. रुग्णालयातली आपली दिनचर्या चित्रित करून घरच्यांना पाठवण्याची सोय केली. रुग्ण ऐकत नसेल तर मदतीला सुरक्षारक्षक दिले. एवढं झाल्यावर अंग-मन सैल करण्याच्या पद्धती शिकवल्या आणि समुपदेशकांना विश्रांतीच्या खोलीत पाठवलं, तेही ऐकायला. ही हकीकत 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात त्याच महिन्यात प्रसिद्ध झाली. ॲक्युप्रेशरबद्दल लिहिताना ती आधी सांगावीशी वाटते, कारण दाब देण्यासारख्या उपायांची जागा या यादीत नेमकी कुठे येते हे तिथे दिसतं. ती जागा झोप, जेवण, साहित्य आणि सुरक्षा यांच्या मागे आहे. पण यादीत ती आहे, हेही खरं.

साथीने आरोग्यसेवकांचं मन किती पिळून काढलं याचे आकडे लवकर आले. जानेवारी २०२०च्या अखेरीस चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सांची पाहणी झाली. निम्म्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती, शंभरात ४५ जणांना चिंतेने घेरलं होतं, ३४ जणांना झोप लागत नव्हती. या आकड्यांची जगभर चर्चा झाली. शरीराच्या आकड्यांकडे तुलनेने कमी लक्ष गेलं. हुबेई प्रांतात प्रत्यक्ष कोविड रुग्णांजवळ काम करणाऱ्या ५४२ जणांची त्वचा तपासली, तर ५२६ जणांना मास्क, गॉगल, हातमोजे यांमुळे इजा झालेली होती. सर्वांत जास्त इजा नाकाच्या दांडीवर होती. सिंगापुरात १५८ कर्मचाऱ्यांना विचारलं, तर १२८ जणांना किट घालायला लागल्यापासून डोकेदुखी सुरू झाली होती. गॉगल आणि मास्कचे पट्टे जिथे दाबतात तिथेच ती बहुतेकांना जाणवत होती. ज्या साधनांनी जीव वाचवला त्यांनीच कपाळ, कानशिलं आणि मान धरून ठेवली होती.

आपल्याकडे त्यात मे महिन्याची भर पडली. मुंबईच्या दमट उकाड्यात पीपीई किट चढवून सहा-सहा, आठ-आठ तास काढायचे, त्यात पाणी नाही, लघवीला जाणं नाही. मास्क आणि फेसशिल्डमधून ऐकू जावं म्हणून ओरडून बोलायचं. श्वास घेता न येणाऱ्या रुग्णाला पालथं करायचं तर एका वेळी चार-पाच जणांनी मिळून उचलायचं, नळ्या सांभाळायच्या, काही तासांनी पुन्हा उताणं करायचं. त्या वर्षी कंबर आणि खांदे गेले ते केवळ डॉक्टरांचे नव्हेत. सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक या सगळ्यांचे गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने दगावले. जे राहिले ते दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर गेले.

अशा माणसाला त्याच्या अंगठ्या-तर्जनीमधला बिंदू दाब म्हणून सांगणं हा थट्टेचा प्रकार वाटू शकतो. तो थट्टेचा प्रकार कधी होतो आणि कधी होत नाही, ते पाहायचं तर ही विद्या म्हणजे काय ते थोडक्यात पाहावं लागेल.

ॲक्युप्रेशर म्हणजे ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर सुईऐवजी बोटाने, अंगठ्याने किंवा एखाद्या दाण्याने दाब देणं. चिनी परंपरा म्हणते की शरीरात 'छी' नावाची शक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते आणि बिंदू ही त्या वाहिन्यांवरची ठिकाणं आहेत. चांगशा शहराजवळच मावांगदुई इथे १९७३ साली एका प्राचीन थडग्यातून रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ निघाले. ते थडगं इ.स.पू. १६८ मधलं. त्या ग्रंथांत वाहिन्या आहेत, पण बिंदू नाहीत. बिंदूंचा पसारा नंतर वाढत गेला. आज जागतिक आरोग्य संघटनेने जागा निश्चित केलेले ३६१ बिंदू आहेत. माप मात्र अजून रुग्णाच्याच बोटांचं. अंगठ्याची रुंदी हे एक माप आणि चार बोटं जोडून धरली की तीन मापं. उंच माणसाचा बिंदू लांब आणि बुटक्याचा जवळ, हा हिशेब त्यामुळे आपोआप जमतो.

आपल्याकडे बरेच जण ॲक्युप्रेशरचं नातं थेट सुश्रुताच्या मर्मांशी जोडतात. मला हे पटत नाही. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं सांगितली आहेत, पण ती प्रामुख्याने शल्यचिकित्सकाने जपायची ठिकाणं आहेत. त्यांतल्या १९ मर्मांवर आघात झाला तर तत्काळ मृत्यू येतो, असं सुश्रुत सांगतो. इथे शस्त्र लावू नका, हा इशारा आणि इथे अंगठा दाबा, हा सल्ला एकाच पंगतीत बसत नाहीत. मर्मांवर हलक्या हाताने उपचार करण्याची परंपरा केरळात वगैरे आहे, ती वेगळी गोष्ट.

भारताचं या विद्येशी असलेलं नातं सांगायचं तर त्यात एक सोलापूरकर येतात. १९३८ साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस तिथेच राहिले, रात्रंदिवस शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. युद्धाच्या धामधुमीत स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करून राबणारा हा डॉक्टर व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे आपल्याला ठाऊक आहे. त्यांचे सहकारी बसू भारतात परतले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी कोलकात्यात रुजवलं. कोटणीसांच्या नावाने निघालेल्या समित्यांनी पुढे ठिकठिकाणी त्याची केंद्रं चालवली. आता महाराष्ट्रात या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. ॲक्युप्रेशर मात्र कायद्याबाहेर, काटेरी चपला, लाकडी रोलर, प्लॅस्टिकच्या चटया आणि जत्रेतल्या स्टॉलवरच्या तक्त्यांमध्ये मोकाट वाढलं. त्या तक्त्यांवर तळपायाच्या एका कोपऱ्यात मूत्रपिंड असतं आणि दुसऱ्यात थायरॉइड. पायाचा हा नकाशा चीनहून आलेलाही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे डॉक्टर आणि युनिस इंगहॅम या उपचारकर्तीने तो आकाराला आणला.

वाहिन्या आणि छी कुठल्याही यंत्रात दिसलेल्या नाहीत. तरीही दाबल्यावर बरं वाटतं, हा अनुभव खोटा ठरत नाही, कारण त्याला छीची गरजच नाही. कोपर आपटलं की आपला हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळतो. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याचं स्पष्टीकरण मांडलं. स्पर्श आणि दाब वाहून नेणारे जाड मज्जातंतू वेगवान असतात. त्यांचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या बारीक तंतूंच्या संदेशांना वर जायला अडथळा होतो. त्यांनी याला दार मिटण्याची उपमा दिली. शिवाय एका ठिकाणी थोडं दुखेल इतका दाब दिला, तर मेंदू वेदना दडपणारी स्वतःची यंत्रणा जागी करतो आणि दुसरीकडचं दुखणं कमी जाणवतं. मळ्यातली माणसं डोकं ठणकलं की कपाळाला फडकं करकचून बांधतात, त्यामागेही बहुधा हेच असावं.

दाब किती, यालाही महत्त्व आहे. मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड यांच्या स्पर्श संशोधन संस्थेत एक गोष्ट पुन:पुन्हा दिसली. मध्यम दाबाने मालिश केलं तर हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीर विश्रांतीच्या बाजूला कलतं. अगदी हलक्या हाताने गोंजारलं तर उलट ठोके वाढतात, कारण गुदगुल्या होतात आणि शरीर सावध होतं. मालिशच्या जाहिरातींत ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल झपाट्याने घटतं असं हमखास सांगतात. तो दावा मात्र टिकलेला नाही. २०११ साली त्यावरचे सगळे प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा परिणाम नगण्य निघाला. माणसाची चिंता कमी होते, हे याआधीच्या तशाच पाहणीत दिसलं होतं. म्हणजे बरं वाटतं खरं, पण जाहिरातीत सांगितलेल्या कारणाने नाही.

आता पुराव्याकडे. ॲक्युप्रेशरचा सर्वांत भक्कम पुरावा ताणाबद्दलचा नाही, मळमळीबद्दलचा आहे. मनगटाच्या आतल्या बाजूच्या 'नेइग्वान' या बिंदूला सुई, दाब किंवा पट्टी लावून शस्त्रक्रियेनंतरची मळमळ-ओकारी कमी होते का, यावर ५९ चाचण्या आणि साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ साली घेतला. खोट्या उपचाराच्या तुलनेत फरक पडतो, असं त्यात निघालं. थकव्याबद्दल मला महत्त्वाचा वाटतो तो मिशिगनमधला प्रयोग. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या, पण थकवा न गेलेल्या बायकांना स्वतःचे स्वतः बिंदू दाबायला शिकवलं. सहा आठवड्यांनी दाब देणाऱ्यांपैकी शंभरातल्या साठ-पासष्ट जणींचा थकवा सामान्य पातळीवर आला. नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या गटात हे प्रमाण एकतीस होतं. हा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातली गंमत अशी की एका गटाला अंग सैल करणारे बिंदू दिले होते आणि दुसऱ्याला तरतरी आणणारे, पण थकवा दोन्हींनी जवळपास सारखाच उतरला. झोप सुधारली ती मात्र फक्त पहिल्या गटाची.

मग बिंदू नेमका कुठला, याला किती अर्थ उरतो? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर ॲक्युपंक्चरची मोठी चाचणी झाली होती. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना फायदा झाला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि औषध-व्यायाम दिलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. बिंदूच्या शास्त्राला हा निकाल अडचणीचा आहे. पण कुणीतरी वेळ काढून, पद्धतशीरपणे, आपल्या दुखऱ्या अंगाला हात लावणं याचं बळ किती असतं, तेही त्यातूनच कळतं. उपचारकर्त्याला हा निकाल अपमानास्पद वाटेल. मला तो आरोग्यसेवकांच्या बाबतीत दिलासा देणारा वाटतो. ३६१ बिंदू पाठ करायला वेळ नसलेल्या सिस्टरला चार जागा पुरतात, आणि एखादी बोटभर चुकली तरी बिघडत नाही.

साथीत प्रत्यक्ष आरोग्यसेवकांवर झालेले प्रयोग थोडे आहेत आणि लहान आहेत. तुर्कस्तानातल्या एका विद्यापीठ रुग्णालयात कोविड रुग्ण सांभाळणाऱ्या ७२ नर्सांचे दोन गट केले. एका गटाला ऑनलाइन बसवून चेहऱ्यावरच्या आणि छातीवरच्या काही बिंदूंवर बोटांनी टिचक्या मारत मनातली भीती शब्दांत मांडायला लावलं. एकाच बैठकीनंतर त्यांचा ताण, चिंता आणि कामाचा उबग खाली आला. दुसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं. मी या निकालावर फार उड्या मारणार नाही. भीतीच्या काळात तुमच्याकडे कुणीतरी अर्धा तास लक्ष देतं आणि तुमच्या मैत्रिणीकडे देत नाही, तर तुम्हाला बरं वाटणारच. कॉक्रेनने २०२० साली साथीतल्या आरोग्यसेवकांच्या मनोबलासाठी केलेल्या सगळ्या प्रकारच्या उपायांचा धांडोळा घेतला, तेव्हा जगभरातून १६ अभ्यास हाती लागले आणि त्यांतल्या एकाच अभ्यासाने उपायाचा परिणाम मोजला होता. म्हणजे इथे केवळ ॲक्युप्रेशरच अपुऱ्या पुराव्यावर उभं होतं असं नाही, सगळेच होते.

या संदर्भात न्यूयॉर्कमधली एक जुनी पद्धत मला जास्त विचारात घेण्यासारखी वाटते. ब्रॉन्क्स भागातल्या लिंकन रुग्णालयात १९७०च्या दशकात अमली पदार्थांच्या विळख्यातल्या लोकांसाठी कानाच्या पाच बिंदूंचा उपचार सुरू झाला. हाँगकाँगच्या डॉ. वेन यांना अफूच्या व्यसनी रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना कानातल्या सुयांमुळे व्यसन सोडतानाचा त्रास कमी झाल्याचं आढळलं होतं, तिथून ही कल्पना आली. लोक गोलात खुर्च्या टाकून बसत, कपडे काढायचे नाहीत, काही बोलायचं नाही, अर्धा-पाऊण तास नुसतं बसायचं. सुई नको असेल तर कानाला एका रानटी झाडाचा मोहरीएवढा दाणा पट्टीने चिकटवायचा आणि अधूनमधून दाबायचा. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये मदतकार्यातल्या माणसांना हाच उपचार दिला गेला. यात कुणालाही आपलं दुःख सांगावं लागत नाही. समुपदेशकासमोर बसायला तयार नसलेली सिस्टर खुर्चीत डोळे मिटून बसायला तयार होऊ शकते. आपण कमजोर ठरू, या भीतीने तोंड न उघडणाऱ्या निवासी डॉक्टरलाही हे सोपं जातं. माझ्या मते ॲक्युप्रेशरचं साथीतलं खरं काम हे आहे. दिवसभर दुसऱ्याच्या शरीराची काळजी घेणाऱ्याला काही मिनिटं स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायची सबब त्यातून मिळते.

पण साथीची अडचण अशी की स्पर्शच संशयास्पद होऊन बसला होता. स्पर्श आणि उष्णता जाणणाऱ्या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते नेमकं २०२१ साली, जेव्हा जग एकमेकांना हात लावायला घाबरत होतं. मालिश करणारा माणूस वॉर्डात बोलावणं शक्य नव्हतं. म्हणून स्वतःचे स्वतः दाबायचे बिंदू हाच मार्ग उरला. त्यातही पुस्तकांत सर्वांत आधी सांगितलेले बिंदू चेहऱ्यावरचे, म्हणजे भुवयांच्या मध्ये, नाकाच्या बाजूला. किट अंगावर असताना किंवा हात धुण्याआधी चेहऱ्याला बोट लावणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी डॉफिंग म्हणजे किट उतरवणं, मग साबणाने हात, मग पाणी पिणं, आणि त्यानंतर बिंदू.

त्या चार जागा सांगतो. पहिली मानेत, कवटी जिथे संपते तिथे मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या बाहेर दोन खळगे लागतात. दोन्ही अंगठे त्यांत ठेवून डोकं किंचित मागे टेकवायचं. गॉगल-मास्कच्या पट्ट्यांनी आवळलेलं डोकं इथे बऱ्यापैकी सैल होतं. दुसरी जागा मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या लागणाऱ्या स्नायुबंधांच्या मध्ये. तिसरी अंगठा आणि तर्जनी यांमधल्या मांसल भागात, तर्जनीच्या हाडाकडे. चौथी गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या बाहेर एक बोट. उभं राहून पाय भरून आले असतील तर ही. अंगठ्याच्या पेराने दाबायचं, नख लावायचं नाही. दुखतंय पण हवंहवंसं वाटतंय, इतका दाब पुरे. एका जागी एक-दोन मिनिटं, आणि श्वास सोडताना घाई करायची नाही. भुवयांमधली जागा घरी गेल्यावर, अंघोळ झाल्यावर.

काही ठिकाणी हात आवरायचा. गरोदर असाल तर अंगठ्या-तर्जनीमधला बिंदू आणि घोट्याच्या आतल्या बाजूचे बिंदू परंपरेनेच वर्ज्य मानले आहेत. पुरावा ठाम नसला तरी ते पाळायला काही खर्च येत नाही. मास्कने सोललेल्या त्वचेवर दाब नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे कधीच नको. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर जोर कमी ठेवायचा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली तर तिला मालिश अजिबात करायचं नाही, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. कोविडमध्ये ही शक्यता वाढते. आणि छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर बिंदू शोधत बसायचं नाही. हे डॉक्टर-नर्सांना सांगायला नको, असं वाटेल. पण स्वतःच्या लक्षणांकडे सर्वांत उशिरा पाहणारी माणसं तीच.

दाव्यांची फुगवणूक तर पहिल्या दिवसापासून चालू होती. २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी आरोग्यसेवकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी टाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो, असे निरोप फोनवर फिरू लागले आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला ते खोटं असल्याचा खुलासा करावा लागला. बिंदू दाबून प्रतिकारशक्ती वाढवा, फुप्फुसं शुद्ध करा असले तक्तेही पुढे निघाले. ॲक्युप्रेशरने संसर्ग रोखला जात नाही. जी माणसं खऱ्या विषाणूंच्या खोलीत काम करत होती त्यांना असं काही सांगणं निव्वळ बेजबाबदारपणाचं आहे.

टाळ्यांनंतर काय झालं, तेही विसरण्यासारखं नाही. घरमालकांनी नर्सांना खोल्या सोडायला सांगितल्या, डॉक्टरांवर हल्ले झाले, आणि अवघ्या महिन्याभरात, २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राला अध्यादेश काढून १८९७च्या साथरोग कायद्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी शिक्षेची तरतूद करावी लागली. मुळात तो कायदा मुंबईतल्या प्लेगमुळे झाला होता. त्याच साली मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला.

कामाचा उबग, ज्याला इंग्रजी शब्दानेच आपण बर्नआउट म्हणतो, त्याची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केलेली नोंद पाहण्यासारखी आहे. आजारांच्या नव्या वर्गीकरणात तो व्यक्तीचा आजार म्हणून येत नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ ताण नीट न हाताळल्याने उद्भवणारी अवस्था म्हणून येतो. म्हणजे दोष सिस्टरच्या मानेत नाही, तिच्या ड्युटीत आहे. कॅनडात टोरांटोच्या रुग्णालयांनी २००३ साली सार्सची साथ झेलली. एक-दोन वर्षांनी तपासलं, तेव्हाही त्या कर्मचाऱ्यांमध्ये उबग आणि मानसिक त्रास जास्त होता. आपल्याला पुरेसं प्रशिक्षण आणि पाठिंबा मिळाला असं ज्यांना वाटत होतं, त्यांना मात्र झळ कमी लागली.

आपल्याकडे जून २०२१ मध्ये, दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या हजारो आशा सेविका संपावर गेल्या. घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या या बायकांची मागणी मानधनाची होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. गौरव झाला हे चांगलंच. पण उन्हातून दहा वस्त्या पालथ्या घातलेल्या आशाताईच्या पोटऱ्यांना आधी वेळेवर मानधन लागतं, पायात बरी चप्पल लागते आणि मग चूसानली नावाचा तो गुडघ्याखालचा बिंदू.

म्हणून माझं मत सरळ आहे. ॲक्युप्रेशर शिकवावं, कारण ते फुकट आहे, पंधरा मिनिटांत शिकता येतं, त्याला यंत्र लागत नाही आणि नीट केलं तर त्याचा अपाय जवळजवळ नाही. मळमळ, आवळलेलं डोकं, न लागणारी झोप यांत त्याची थोडी मदत होते. ते शिकवताना छी आणि विषद्रव्यं यांची कथा सांगायची गरज नाही. आणि ते पगार, झोप, मनुष्यबळ यांच्या बदल्यात कधीही देऊ नये. तुमच्या घरात कुणी सिस्टर, ब्रदर, डॉक्टर किंवा मावशी असतील, तर त्या नाइट करून आल्यावर दहा मिनिटं त्यांची मान आणि पाय चेपून द्या आणि मग खोलीचं दार लावून घ्या, दुपारपर्यंत कुणाला जाऊ देऊ नका. रुग्णालय चालवणाऱ्यांना एवढीच विनंती की कर्मचाऱ्यांसाठी ॲक्युप्रेशरचं शिबिर भरवण्याआधी वॉर्डचा ड्युटीचा तक्ता समोर घ्यावा. नाइटनंतरची सुट्टी त्यात आहे का आणि एका सिस्टरमागे रुग्ण किती आहेत, ते मोजावं. गणित चुकत असेल तर आधी रिकाम्या जागा भराव्यात, शिबिराची तारीख नंतर ठरवावी.